छोट्या उद्योगांचा अभ्यास करायचाय? आधी नाकारलेल्या ऑर्डरींची वही पाहा

प्रबंधासाठी छोटे उद्योग हा विषय घेतला तेव्हा माझ्या हातात चार पानांची प्रश्नावली होती. पहिलाच प्रश्न होता, 'गेल्या तीन वर्षांत आपण कोणता नवोपक्रम राबवला?' पहिल्या अकरापैकी नऊ मालकांनी सांगितलं, 'तसं काही नाही.' मीही ते मुकाट्याने टिपून घेतलं. दोन महिने त्यातच गेले.

बारावं ठिकाण म्हणजे सुटे भाग बनवणारं सहा माणसांचं वर्कशॉप. मालकीणबाईंचंही उत्तर तेच. मग त्यांना एक फोन आला. बोलणं संपल्यावर त्यांनी खणातून एक लांबट वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं : 'नळीला आतून आटे, 40 नग. नाही म्हटलं.' वहीभर अशाच नोंदी होत्या. एकाच कामाला तिसऱ्यांदा नाही म्हणावं लागलं, की पुढच्या शनिवारी दोन कारागिरांना घेऊन त्या बसायच्या. पातळ पत्रा ड्रिलखाली उचलला जातो आणि भोक वेडंवाकडं पडतं, म्हणून हे काम त्या पूर्वी घेत नसत. अशाच एका शनिवारी दोन जाड पट्ट्यांमध्ये पत्रा आवळून धरणारं फिक्स्चर तयार झालं. आता त्यांचं निम्मं काम पातळ पत्र्याचंच आहे. आणि बाई म्हणतात, तसं काही नाही!

चूक माझ्या प्रश्नाची होती. नवोपक्रम मोजण्यासाठी जगभर वापरलं जाणारं, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचं ऑस्लो मॅन्युअल तेव्हा मी नीट वाचलं नव्हतं. ती गोष्ट जगात पहिल्यांदा घडलेली असण्याची गरज नाही, त्या उद्योगासाठी नवी असली तरी पुरते, हे त्यात स्पष्ट आहे. त्यानंतर मी विचारू लागले, 'दोन वर्षांपूर्वी करत नव्हता आणि आज करता, असं काय आहे?' लोक भरभरून बोलू लागले.

शनिवारची ती बैठक बाईंना परवडायची, कारण दोन महिन्यांचे पगार त्या कायम बाजूला ठेवत. 'पगाराची विवंचना असली की शनिवारी कुणाला काही सुचत नाही,' त्या म्हणाल्या. माझ्या अख्ख्या अभ्यासातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. जेपी मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेच्या संशोधन संस्थेने 2016 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 6 लाख छोट्या व्यवसायांची खाती तपासली. आवक पूर्ण थांबली तर त्यातले निम्मे व्यवसाय हातातल्या रोकडीवर 27 दिवससुद्धा काढू शकले नसते. नवं सुचणं आणि पडत्या काळात तगणं हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. मला दोन्हींच्या मुळाशी तीच गाठीची शिल्लक दिसली.

दुसरी शिल्लक माणसांची. 1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या करिया कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळाच तिथे बनायचा आणि टोयोटाकडे साठा होता अगदी थोडा. तेव्हा साठहून अधिक कंपन्या मोबदल्याची घासाघीस न करता तो व्हॉल्व्ह बनवायला उतरल्या. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती. आठवडाभरात गाड्यांचं उत्पादन जवळजवळ पूर्ववत झालं. म्हणून 'तुमचं नेटवर्क कसं आहे?' असं विचारू नका. 'मशीन रात्री बंद पडलं तर फोन कुणाला करता?' असं विचारा. नाव चटकन आलं की विचार करून, तेही टिपा.

आणि बंद पडलेल्या उद्योगांना भेटल्याशिवाय प्रबंध पुरा करू नका. फक्त चालू असलेल्यांना भेटलात, तर त्यांची प्रत्येक सवय यशाचं कारण वाटू लागते. मला भेटलेल्या एका मालकाकडेही नव्या कल्पना होत्या आणि ऑर्डरीही भरपूर होत्या. पण निम्म्याहून जास्त उधारी एकाच गिऱ्हाइकाकडे अडकलेली. वेळ मागताना 'धंदा का बुडाला?' हा प्रश्न तोंडातून काढू नका. 'शेवटच्या सहा महिन्यांत कोणती कामं हातात होती?' इथून सुरुवात करा. माझ्याशी असे तिघं बोलले, आणि तिघांपैकी एकानेही दोन तासांच्या आत बोलणं आवरतं घेतलं नाही.