किचनच्या शटर आणि ड्रॉवर्ससाठी हॅन्डल निवडताय? मग हे आधी बघा

किचनचं काम काढलं की लॅमिनेटचा कलर, ओट्याचा दगड, टाइल्स यावर घरात भरपूर चर्चा होते आणि हॅन्डलचा विषय येतो अगदी शेवटी, शटर, म्हणजे कॅबिनेटची दारं, कापून तयार झाले, कारपेंटर ड्रिल घेऊन उभा राहिला की मग मोबाइलवर फोटो बघून जे छान दिसेल ते मागवायचं. पण पूर्ण किचनमध्ये दिवसातून सगळ्यात जास्त वेळा हात लागतो तो हॅन्डललाच, तेही कधी ओला, कधी तेलकट, कधी दुसऱ्या हातात जड भांडं असताना. म्हणून माझं म्हणणं असं की हॅन्डल शटर कापायच्या आधी ठरवायचं आणि ते हातात धरून बघून ठरवायचं.

शटर कापायच्या आधी का, ते सांगते. हल्ली सगळ्यांना हॅन्डललेस किचन आवडतं, पण त्यातही प्रकार आहेत. गोला प्रोफाइल म्हणजे अॅल्युमिनियमची खोलगट पट्टी, ती कॅबिनेटच्या बॉक्सलाच पुढून खाच मारून बसवतात आणि शटरच्या मागे बोटं घालून ओढायचं. आता यासाठी बॉक्स वेगळा कापावा लागतो आणि ड्रॉवरच्या फ्रंटची उंचीही कमी होते, त्यामुळे बॉक्स बनून आल्यावर "आपण गोला करूया का" हा प्रश्नच उरत नाही. जे प्रोफाइल, म्हणजे इंग्रजी J अक्षराच्या आकाराची, त्यात शटरची कडच आतून कोरलेली असते, म्हणजे तेही शटर बनतानाच. शटरच्या कडेवर बसणारी बारीक एज प्रोफाइल त्यातल्या त्यात नंतर लावता येते, पण वरच्या आणि खालच्या शटरमध्ये तेवढी गॅप आहे का ते बघावं लागतं.

पुश ओपन, म्हणजे दाबलं की उघडणारं, दिसायला एकदम स्वच्छ. पण त्यात ग्लॉसी शटरवर सतत बोटांचे ठसे दिसतात, ओट्याशी उभं असताना गुडघा लागला तरी ड्रॉवर बाहेर येतो, आणि साधं सॉफ्ट क्लोज चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो आणि हळूच बंद होतो ती पट्टी, पुश ओपनबरोबर चालत नाही, दोन्ही हवं असेल तर त्यासाठीचं वेगळं चॅनेल घ्यावं लागतं. जिथे कमी उघडझाप आहे तिथे पुश ओपन ठीक, रोजच्या भांड्यांच्या जड ड्रॉवरला मी तरी लावणार नाही. फ्रिज कॅबिनेटच्या आत बसवणार असाल तर तिथे दणकट हॅन्डलच पाहिजे, कारण फ्रिजच्या दाराला मॅग्नेटचं रबर असतं, ते दार ओढायला जोर लागतो, बारीक पट्टीला बोटं धरून ते रोज रोज नको वाटतं.

वरच्या कॅबिनेटचं एक सोपं आहे, शटर बॉक्सच्या तळापेक्षा दोनेक सेंमी खाली उतरवून घ्यायचं, खालून बोटं घालून उघडता येतं, हॅन्डलची गरजच नाही. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, खाली नीट हॅन्डल आणि वर काहीच नाही.

आता हातात धरून बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं. चारही बोटं आत जातात का, आणि बोटांची पेरं शटरला घासत नाहीत ना? हॅन्डल आणि शटरमध्ये साधारण 30 मिमी मोकळी जागा असली की मोठा हातही आरामात जातो. मग हॅन्डलच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा, स्वस्तातल्या ओतीव हॅन्डलची पुढची बाजू गुळगुळीत असते आणि मागे धार राहिलेली असते, आणि आपली बोटं तर मागेच लागणार. जमलं तर ओल्या हाताने धरून बघा. गोल नॉब दिसायला गोड असतो पण तो दोन-तीन बोटांच्या चिमटीत धरावा लागतो, घरात कोणाची बोटं दुखत असतील, सांधे धरलेले असतील तर त्यांना जड ड्रॉवर नॉबने ओढणं फार त्रासाचं होतं. शिवाय नॉब एकाच स्क्रूवर असतो, ढिला झाला की गोल फिरत राहतो. अशा घरात सरळ डी आकाराचं हॅन्डल घ्या, पूर्ण मूठ बसते. टी बार, म्हणजे ज्याची टोकं दोन्हीकडे बाहेर आलेली असतात, त्यात कपड्यांचा खिसा, ओढणी, बाही हमखास अडकते, किचनमधली चालायची जागा अरुंद असेल तर टाळाच, लहान मूल असेल तर त्याच्या डोक्याच्या उंचीवर ती टोकं येतात हेही लक्षात घ्या.

साइजमध्ये सगळे गोंधळतात. हॅन्डलचा साइज बहुतेक वेळा एका स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्या स्क्रूच्या मध्यापर्यंत सांगतात, पूर्ण लांबी त्यापेक्षा जास्त असते. 96, 128, 160, 192, 224, 256, 320 मिमी असे साइज मिळतात, हे सगळे 32 च्या पटीत आहेत कारण फर्निचरची भोकं पाडायची पद्धतच 32 मिमीच्या अंतरावर बेतलेली आहे. अंदाजासाठी ड्रॉवरच्या रुंदीचा एक तृतीयांश धरा, म्हणजे 60 सेंमी ड्रॉवरला 192 छान दिसतं, 90 सेंमीला 320. रुंद ड्रॉवरला दोन छोटी हॅन्डल्स लावायची फॅशन आहे पण आपण ओढतो एकाच हाताने, मग ड्रॉवर एका बाजूने ओढला जातो आणि साध्या चॅनेलवर तिरका चालतो. मध्यभागी एक लांब हॅन्डल बरं.

जुनं हॅन्डल बदलताय तर आधी एक हॅन्डल काढून भोकांचं अंतर मिमीमध्ये नीट मोजा. 5 इंची हॅन्डल म्हणजे 127 मिमी, आणि मिमीमधलं असतं 128. एवढासा फरक पण एक स्क्रू तिरका जातो आणि त्याचे आटे खराब होतात. लॅमिनेटवरचं जुनं भोक बुजवलं तरी दिसतंच, त्यामुळे तेच अंतर शोधा किंवा मागे पट्टी असलेलं हॅन्डल घ्या, दोन्ही भोकं झाकली जातात.

मटेरियलचं बोलायचं तर बाजारातली बरीचशी हॅन्डल्स झिंक अलॉयची असतात, वाईट काही नाही, फक्त वरचं प्लेटिंग चांगलं हवं. अॅल्युमिनियम हलकं, लांब प्रोफाइलला योग्य. स्टील घेणार तर 304 ग्रेडचं आहे का विचारा, समुद्राजवळ खारी हवा असेल तर 316 जास्त टिकतं. प्लास्टिकवर क्रोम चढवलेलं घेऊ नका, त्याची पापुद्र्यासारखी सालं निघतात आणि ती बोटाला लागतात. फिनिशमध्ये ब्रश्ड किंवा सॅटिन सगळ्यात कमी त्रासाचं, ठसे आणि बारीक ओरखडे लपतात, चकचकीत क्रोमवर पाण्याचे डाग दिसतात, मॅट ब्लॅक सुंदर दिसतं पण कोटिंग हलकं असेल तर जिथे अंगठी लागते तिथे खालचा धातू उघडा पडतो. कोटिंग नसलेलं पितळ हळूहळू काळवंडतं, ज्यांना तो जुना रंग आवडतो त्यांनी जरूर घ्यावं. आणि ते खरबरीत नक्षीचं हॅन्डल, जाळीजाळीचं, ते गॅसजवळ नको, तेलाचा चिकट थर त्या खाचांत बसला की ब्रशशिवाय निघत नाही. वाटीसारखं कप हॅन्डलही आतून असंच मळतं.

फायनल करायच्या आधी पुठ्ठ्याची पट्टी हॅन्डलच्या मापाची कापून शटरवर चिकटवा, दोन-चार दिवस राहू द्या, फोटोपेक्षा ते जास्त कळतं. जागा कुठली? खालच्या शटरला वरच्या कोपऱ्यात, वरच्याला खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, कडेपासून साधारण 4 ते 5 सेंमी. खोल ड्रॉवरला बरोबर मध्ये लावू नका, वरच्या भागात लावा, कमी वाकावं लागतं.

एल आकाराचं किचन असेल तर कोपरा नक्की तपासा!! एका बाजूचा ड्रॉवर बाहेर येताना शेजारच्या हॅन्डलला आपटतो. हॅन्डल 35 मिमी बाहेर येत असेल तर त्यात शटरची 18 मिमी जाडी मिळवा, म्हणजे 53 झाले, कोपऱ्यातली फिलर पट्टी, म्हणजे दोन बाजूंमधली जागा भरणारी पट्टी, त्याहून थोडी जास्त रुंद, 60 च्या आसपास पाहिजे. भिंतीला लागून असलेल्या शटरचंही तसंच, हॅन्डल भिंतीला टेकलं की शटर पूर्ण उघडत नाही आणि मग आतला ड्रॉवरही बाहेर येत नाही. हे सगळं कारपेंटरला ड्रॉइंगच्या वेळीच सांगायचं, म्हणून तर म्हटलं हॅन्डल आधी ठरवा.

स्क्रू बहुतेक वेळा एम4, म्हणजे 4 मिमी जाडीचा असतो. 18 मिमी शटरला 25 मिमीचा चालतो, पण ड्रॉवरला बॉक्सचा पुढचा भाग आणि वरचा फ्रंट असे दोन थर असतील तर 40-45 मिमी लागतो, बरोबर आलेला स्क्रू पुरत नाही, आधीच वेगळे आणून ठेवा. भोक 5 मिमी बिटने, समोरून, जागेवर मास्किंग टेप लावून आणि मागे लाकडाचा तुकडा घट्ट दाबून पाडायला सांगा म्हणजे लॅमिनेटची कपची उडत नाही. सगळ्या भोकांसाठी एकच टेम्प्लेट वापरा, प्रत्येक वेळी टेपने मोजलं की कुठेतरी फरक पडतोच आणि ड्रॉवर एकाखाली एक असले की तो लगेच नजरेत येतो. शेवटचे दोन आटे हाताने आवळायचे, मशीनने आवळलं तर झिंकचे आटे झिजतात.

पुसायला साधा साबण आणि ओलं फडकं, मग कोरडं करायचं, अॅसिडवालं क्लीनर आणि तारेची घासणी अजिबात नको. दोन हॅन्डल्स जास्तीची घ्या, कारण नंतर तोच शेड मिळेलच असं नाही, विशेषतः अँटिक फिनिशमध्ये प्रत्येक लॉटचा रंग थोडा वेगळा येतो, आणि बॉक्सवरचा मॉडेल नंबर कापून त्यांच्याबरोबरच ठेवा.