धुऱ्यावरचा साग आणि आगकाडी : या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, आजोबांच्या हातचा एक साग पाडला. उभा होता तेव्हा सरळसोट, कवेत न मावणारा. कापल्यावर बुडाचा तीन फूट भाग आतून काळा, पोकळ. व्यापारी बुंध्यावर थाप मारून म्हणाला, "काका, एवढं तर सरपणच झालं." बोलणार काय? दर चैत्रात धुऱ्यावरचं गवत आम्हीच पेटवत होतो.

गवत भुर्रकन जळतं, पण बुंध्याला धग लागते तिथली साल मरते. मग पावसाळ्यात बुरशी शिरते. बाहेरून जखम बुजलेली दिसते, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. गवत विळ्यानं कापा, बुंध्याभोवती चार हात जागा झाडून ठेवा. मोहाखाली फुलं दिसावीत म्हणून पाला पेटवणंही तसंच. जुनं लुगडं अंथरलं की फुलंही स्वच्छ मिळतात.

दुसरी चूक मायेपोटी होते. दोन बाय दोन मीटरवर साग लावला, म्हणजे हेक्टरी 2500 झाडं. पाच-सहा वर्षांत शेंडे एकमेकांना भिडतात, पण कापायला जीव होत नाही. मग सगळीच झाडं बारीक राहतात, नुसत्या बल्ल्या. वाकडी, दुफाटी, दबलेली झाडं आधी काढा.

पाणी साचणाऱ्या कन्हारात, म्हणजे भारी काळ्या जमिनीत, साग लावूच नका, पिवळा पडतो. तिथे अर्जुन, करंज लावा.

पावसाळ्यात अळ्यांनी खाऊन सागाच्या पानांची जाळी झाली की लोक फवारणीचा पंप घेऊन धावतात. मोठ्या झाडांना गरज नाही. नवी पालवी येते, आणि अळ्या पाखरं खातात. रोपवाटिकेतली गोष्ट वेगळी.

रायमुनिया (घाणेरी) वरून छाटली तर दुप्पट फुटते. मातीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, फळं धरायच्या आधी. मोकळ्या जागेत मारवेल किंवा पवन्या गवत येऊ द्या, नाहीतर ती परत येतेच.

सुकलेलं झाड दिसलं की कुऱ्हाड उचलू नका. आमच्या वाळक्या पळसाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. रात्री उंदीर तेच टिपतात.

आणि व्यापाऱ्याकडून विसार घेण्याआधी सातबारा काढून बघा. साग, मोहा, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्याच शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि सागाचा माल हलवायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना वेगळा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर आधी तलाठ्याकडे जा, व्यापारी नंतर.