गेम अडलाय? मदत मागताना या चुका टाळा

"दादा, गेम चालंना झालाय. बघा की जरा."

रात्री अकराला आलेला अख्खा मेसेज एवढाच. गेम उघडतच नाही, उघडून बंद पडतो, की उघडतो पण बटण दाबलं तरी काही होत नाही, याचा पत्ता नाही. युनिटीत बनवलाय की गोडोमध्ये (गेम बनवायची ही दोन सॉफ्टवेअर), तेही नाही. कोल्हापुरात गेम बनवणारी पोरं आता बरीच झालीत. त्यातली कित्येक माझ्यापेक्षा हुशार आहेत, पण मदत मागायची वेळ आली की सगळी एकाच खड्ड्यात पडतात.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे दुखणं न सांगता परस्पर औषध मागणं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा युनिटीत कुस्तीचा गेम करत होता. खासबाग मैदान, लाल माती, कडेला हलगी. कल्पना खरंच लय भारी. त्यानं मला टेक्स्चरबद्दल, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेल्या चित्रांबद्दल, विचारलं, "दादा, टेक्स्चरची साइज कमी कशी करायची?" मी सांगितलं: इम्पोर्ट सेटिंगमध्ये मॅक्स साइज २०४८ ची ५१२ कर, अँड्रॉइडसाठी कॉम्प्रेशन लाव. दुसऱ्या दिवशी प्रश्न, "लाइट कमी केले तर चालतील का?" चालतील म्हटलं, बेक कर, म्हणजे उजेड आधीच मोजून भरून ठेव. मग पॉलिगॉन (आकृती ज्या सपाट तुकड्यांची बनते ते) कमी कसे करायचे, मग सावल्या बंद कशा करायच्या. दरवेळी प्रश्न सुटसुटीत, दरवेळी माझं उत्तरही बरोबर. आठवडाभरात त्याच्या पैलवानाची पार काडी झाली, मातीचा रंग गेला आणि हलगीवाला मैदानाबाहेर गेला.

शेवटी राजारामपुरीत चहाला भेटलो तेव्हा त्याचा फोन हातात घेतला. गेम कुठं अडकत नव्हता, गरम होत नव्हता, बंदही पडत नव्हता. पैलवान फक्त हळू चालत होता. लॅपटॉपवर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच सेकंद, फोनवर दहा. बरोब्बर दुप्पट! फोन कमजोर असता तर वेळ कमीजास्त झाला असता, असा मोजून दुप्पट झाला नसता. कोड उघडला तर अपडेटमध्ये, म्हणजे दर फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) चालणाऱ्या भागात, पैलवान दरवेळी ०.१ नं पुढं सरकवलेला. लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम. फोनवर युनिटी, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर, ३० वरच धावतं. फ्रेम निम्म्या, म्हणून अंतर निम्मं. ०.१ च्या जागी सेकंदाच्या हिशेबानं ६ घातले, त्याला टाइम डॉट डेल्टाटाइमनं (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) गुणलं, विषय संपला. टेक्स्चरचा यात काडीचा संबंध नव्हता.

मधल्या काळात त्याला कुणीतरी शॉर्टकटही दिला होता, "टार्गेट फ्रेमरेट ६० कर, झालं." यानं रोग बरा होत नाही, झाकला जातो. स्वस्त फोन तापून फ्रेम खाली आल्या की पैलवान पुन्हा रांगायला लागणार. असले शॉर्टकट सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण त्यांचं निस्तरायला पोरं आमच्याकडे येतात.

पहिल्याच मेसेजमध्ये त्यानं "लॅपटॉपवर पाच सेकंद, फोनवर दहा" एवढं लिहिलं असतं तर कुणीही दोन मिनिटांत सांगितलं असतं. म्हणून माझी सवय अशी: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि तोवर काय काय करून बघितलं, हे आधी लिहायचं. स्वतःचा अंदाज सगळ्यात शेवटी, आणि तो अंदाज आहे असं सांगून.

दुसरी चीड आणणारी गोष्ट: लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला फोटो. तिरका, वर ट्यूबलाइटची रेघ, आणि नेमकी एररची ओळ अर्धी कापलेली. अरे बाबांनो, कन्सोलमधली (एरर दिसतात ती खिडकी) ओळ कॉपी होते. कॉपी करा, मेसेजमध्ये चिकटवा. पण त्याआधी वाचा! युनिटीत लाल ओळीवर क्लिक केलं की खाली फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर दिसतो, डबल क्लिक केलं तर थेट ती ओळच उघडते. "हजार एरर आल्यात" म्हणून घाबरलेली पोरं मी बघतो. अपडेटमधली एकच चूक दर फ्रेमला छापली जात असते. कोलॅप्सचं बटण दाबा, हजाराची एक होते. अनेक एरर खरंच वेगवेगळ्या असल्या तर सगळ्यात वरची आधी धरा, खालच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात. आणि ती नल रेफरन्स एक्सेप्शन (कोडनं हात घातला ती वस्तू जोडलेलीच नाही) असली तर विचारण्याआधी इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या वस्तूचे रकाने दाखवणारी खिडकी) कुठला रकाना रिकामा राहिलाय का ते बघा. दहातल्या सात जणांना तिथंच उत्तर मिळेल असा माझा अंदाज आहे. गेम फक्त फोनवर बंद पडत असेल तर केबल लावून एडीबी लॉगकॅट (फोनमधल्या नोंदी लॅपटॉपवर दाखवणारी कमांड) चालवा. तेवढा कंटाळा केला तर पुढचं सगळं अंधारात दगड मारणं.

व्हर्जन सांगा. गोडो ४ मार्च २०२३ मध्ये आलं आणि हलत्या पात्रासाठीच्या कायनेमॅटिकबॉडी टूडीचं नाव कॅरेक्टरबॉडी टूडी झालं, पात्र हलवणाऱ्या मूव्ह अँड स्लाइडला कंसात वेग द्यायची पद्धतही गेली. जुना व्हिडिओ बघून नव्यात टाइप केलं तर चालणार कसं?

अख्खा प्रोजेक्ट झिप करून पाठवू नका. त्यातला लायब्ररी फोल्डर युनिटी स्वतःच पुन्हा तयार करते, तरी तोच काही जीबी भरतो. त्यापेक्षा रिकामा प्रोजेक्ट उघडा, फक्त बिघडलेली गोष्ट त्यात करून बघा आणि तेवढंच पाठवा. हे करता करताच निम्म्यांचा प्रश्न सुटतो, म्हणून तर कुणी करत नाही.

"अर्जंट आहे, उद्या सबमिशन आहे." ते तुमचं.

एकच प्रश्न एकाच वेळी पाच जणांना पाठवू नका. आम्ही पाचही जण एकमेकांना ओळखतो.

एआयकडून घेतलेला कोड असेल तर तसं सांगा. स्वतःला न समजलेल्या दोनशे ओळी माझ्यासमोर टाकून "यात चूक काय?" विचारणं म्हणजे तुमचं वाचनही मीच करायचं.

"आयडिया माझी, कोडिंग तुमचं, निम्मं निम्मं" या प्रस्तावाला उत्तर येत नाही, यातच उत्तर आलं असं समजा.

प्रश्न सुटल्यावर "झालं दादा" एवढंच लिहून गायब होऊ नका. कसं झालं? पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी तिथंच अडकणार असतो आणि त्याला सांगायला आमच्याकडे काहीच नसतं.

"गेम कसा वाटला, खरं सांगा" म्हणून विचारायचं आणि खरं सांगितलं की वाद घालायचा, हाही एक प्रकार. समोरचा म्हणाला उडी अवघड आहे, तर "तुम्हाला जमली नाही" हे उत्तर नव्हे. मी तर विचारतच नाही. फोन हातात देतो, तोंड बंद ठेवतो आणि अंगठा कुठं जातो ते बघत बसतो.

आता टेस्टरचं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्ले स्टोअरवर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग (ठरावीक माणसांकडून चाचणी) करावी लागते. आधी २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात, आणि ते सलग १४ दिवस टेस्टमध्ये राहावे लागतात. त्यामुळे हल्ली मामा, मावशी, जिममधले दोस्त सगळ्यांना नुसती लिंक जाते, "एवढं डाउनलोड करा." मामा तिसऱ्या दिवशी टेस्टमधून बाहेर पडतो आणि १२ चे ११ होतात. लिंकसोबत चार ओळी लिहा: १४ दिवस बाहेर पडू नका, दुसरी लेव्हल नक्की खेळा, बंद पडला तर त्याआधी कुठलं बटण दाबलं होतं ते आणि फोनचं मॉडेल कळवा. आणि बाराच माणसं गोळा करू नका, पंधरा-सोळा तरी धरा.