आघाडीवरचा विद्यार्थी आणि त्याचं कॉलेज: १९४२–४५ची पत्रं कशी लावावीत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांनी सैन्यात गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार चालू ठेवला होता. कधी डीन लिहायचे, कधी रजिस्ट्रार, कधी एखादे प्राध्यापक. सायक्लोस्टाइल केलेलं वार्तापत्र सगळ्यांना जायचं आणि त्याची उत्तरं यायची. अशा पत्रांचं खोकं हाती आलं की बहुतेक जण सैनिकाची पत्रं वेगळी काढतात, तारखेने लावतात आणि कॉलेजच्या उत्तरांच्या पातळ कार्बन प्रती ‘ऑफिसचे कागद’ म्हणून बाजूला टाकतात. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. ‘तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर हो’ असं सैनिकाने लिहिलं असेल, तर काय विचारलं होतं हे त्या कार्बन प्रतीतच सापडणार. दोन्ही बाजू एकत्र वाचायच्या, हे धरूनच पुढचं सगळं काम करायचं.

क्रम मोडण्याआधी

खोकं उघडल्यावर पहिल्या दिवशी काहीही लावायला घेऊ नका. कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रमच पुरावा असतो. कारकुनाने उत्तराची प्रत मूळ पत्राला टाचून ठेवलेली असते, आणि कोणतं उत्तर कोणत्या पत्राला हे बऱ्याचदा तेवढ्यावरूनच कळतं. प्रत्येक फोल्डरचा जसाच्या तसा फोटो घ्या. मग मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने क्रमांक घाला: खोकं, फोल्डर, कागद. पेन नको, चिकटपट्टी नको. पाकिटाला त्याच्या पत्राचाच क्रमांक द्या आणि पुढे ‘क’ जोडा. एकदा पाकीट पत्रापासून सुटलं की ते पुन्हा जुळवणं फार कठीण.

तारखेने लावलेला क्रम हवाच असेल तर तो संगणकावरच्या तक्त्यात करा. कागद जागेवरच राहू द्या.

एका पत्राच्या तीन तारखा

सैनिकाने लिहिलेली तारीख, टपालाच्या शिक्क्यावरची तारीख आणि कॉलेजच्या ‘मिळाले’ शिक्क्याची तारीख अशा तिन्ही वेगळ्या रकान्यांत नोंदवा. जहाजाने येणाऱ्या पत्राला महिना किंवा त्याहून जास्त लागायचा, त्यामुळे पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून जायची. केवळ लिहिल्याच्या तारखेवर साखळी बांधली तर सैनिकाने न वाचलेल्या पत्राचं उत्तर त्याच्या तोंडी घातलं जातं. त्याने उत्तर लिहिलं तेव्हा कॉलेजचं कोणतं पत्र त्याच्या हातात होतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

५/६/४४ असं लिहिलेलं असेल तर घाई करू नका. अमेरिकेत नागरी लिखाणात महिना आधी येतो, सैन्यात दिवस आधी. नुकताच भरती झालेला मुलगा दोन्ही पद्धती वापरतो, कधी एकाच महिन्यात. पत्रात वार असेल तर प्रश्न सुटतो: शनिवार असेल तर ती ६ मे, सोमवार असेल तर ५ जून. वार नसेल तर टपालाचा शिक्का बघा. तोही पुसट असेल तर नोंदीत दोन्ही शक्यता लिहा.

पत्ता

परदेशात असलेल्या सैनिकाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. असतो तो एपीओ क्रमांक, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, आणि त्यापुढे ‘मार्फत पोस्टमास्टर, न्यूयॉर्क’ किंवा ‘सॅन फ्रान्सिस्को’. न्यूयॉर्क असेल तर युरोप, आफ्रिका, भूमध्य समुद्राचा भाग. सॅन फ्रान्सिस्को असेल तर पॅसिफिक. यात एक खाच आहे: भारत आणि ब्रह्मदेशातल्या तुकड्यांचं टपालही न्यूयॉर्कमार्फतच जायचं. त्यामुळे न्यूयॉर्क दिसलं की लगेच ‘युरोप’ लिहू नका. एपीओ क्रमांकही एका गावाला कायमचा चिकटलेला नसे, तुकडी हलली की तोही हलायचा. म्हणून क्रमांकाच्या यादीत शोधताना तारीख सोबत घेऊनच शोधा. नौदलात जहाजाचं किंवा तळाचं नाव आणि फ्लीट पोस्ट ऑफिस असतं.

पाकिटावर खोडलेले पत्ते असतील तर प्रत्येक पत्ता वरून खाली वेगळ्या ओळीत उतरवा. प्रशिक्षण तळ, दुसरा तळ, रुग्णालय, एपीओ: सैनिकाच्या पत्रात नसलेला प्रवास इथे सापडतो.

लष्करातल्या शिपायांच्या सेवा क्रमांकाचा पहिला आकडाही बोलका असतो. १ म्हणजे स्वतःहून भरती झालेला, २ म्हणजे नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलातून आलेला, ३ म्हणजे सक्तीच्या भरतीतला. आधी ‘ओ’ अक्षर असेल तर तो अधिकारी. एकाच मुलाचा क्रमांक ३ने सुरू होऊन पुढे ‘ओ’वर गेला, तर मधे कधीतरी तो अधिकारी झाला. अशा वेळी त्याला दोन माणसं समजून दोन नोंदी करू नका.

हे सगळं इतक्या बारकाईने उतरवण्याचं कारण आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या राष्ट्रीय सैनिक अभिलेख केंद्राला आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के सेवा-फायली जळाल्या. एखाद्या कुटुंबाला आपला माणूस कोणत्या तुकडीत होता हे कळायला कॉलेजच्या खोक्यातलं पाकीट हाच धागा उरलेला असू शकतो.

सेन्सॉरची कात्री आणि संपादकाची निळी पेन्सिल

शिपायांची पत्रं त्यांच्याच तुकडीतला अधिकारी वाचायचा. पाकिटावर शिक्का आणि त्याची सही दिसते. अधिकारी स्वतःच्या पत्रावर स्वतःच सही करायचे, पण ती पत्रंही मागच्या तळावर उघडली जाऊ शकत. ठिकाण, तुकडीच्या हालचाली, जहाजांची नावं, अधिकृत खबर जाण्याआधीची जीवितहानी हे लिहायला मनाई होती. म्हणून ‘इंग्लंडमध्ये कुठेतरी’ असं मोघम लिहिलेलं असतं आणि उरलेलं पान जेवण आणि जुन्या वर्गमित्रांची चौकशी यांनी भरतं. त्यावरून मुलगा सुखात होता असा अर्थ काढू नका.

ब्लेडने कापलेली जागा असेल तर उलट बाजूचा मजकूरही गेलेला असतो. नक्कल करताना दोन्ही बाजूंना चौकोनी कंसात ‘कापलेलं, साधारण तीन शब्दांची जागा’ असं लिहा. भोक बुजवू नका, अंदाजाने शब्दही भरू नका. काळ्या शाईने झाकलेल्या मजकुरावर कोणतंही रसायन लावू नका. दाबून लिहिलेलं असेल तर तिरप्या उजेडात अक्षरांचा उठाव कधीकधी वाचता येतो, तेवढंच करा.

कॉलेजच्या पत्रांत एक गफलत हमखास होते. वार्तापत्रात छापण्यासाठी संपादक सैनिकाच्या पत्रावरच निळ्या पेन्सिलीने काटछाट करायचे आणि नवखा वाचक ती सेन्सॉरची समजतो. ओळखायची खूण सोपी आहे. सेन्सॉरला मजकूर वाचता येऊ नये असं हवं असतं, म्हणून तो कापतो किंवा पूर्ण झाकतो. संपादक एक रेघ ओढतो, खालचं अक्षर स्पष्ट दिसतं, आणि समासात परिच्छेदाची किंवा मोठ्या अक्षराची छपाईखूण असते. असं पत्र मिळालं की छापील वार्तापत्र शोधून दोन्ही शेजारी ठेवा. काय वगळलं, हे कॉलेजबद्दल बरंच सांगून जातं.

मे १९४५मध्ये जर्मनीने शरणागती पत्करल्यावर युरोपातली बंधनं सैल झाली. मुलांनी मागचा सगळा प्रवास नावानिशी लिहून काढला तो याच उन्हाळ्यात. म्हणून युरोपात असलेल्या सैनिकाच्या बाबतीत १९४५च्या उन्हाळ्यातली पत्रं आधी वाचा आणि मग १९४३–४४कडे या. अर्ध्या गाठी आपोआप सुटतात.

व्ही-मेल

१५ जून १९४२ ते १ नोव्हेंबर १९४५ या काळात ही सेवा होती. ठरावीक फॉर्मवर लिहिलेलं पत्र १६ मिमी फिल्मवर घेऊन फिल्म विमानाने पाठवायची आणि पोहोचल्यावर सुमारे सव्वाचार बाय सव्वापाच इंचांची प्रत काढून वाटायची. दीड लाख पत्रांना ३७ पोती लागायची, ती एका पोत्यात मावू लागली.

तुमच्या खोक्यात दोन प्रकार मिळू शकतात: छोटी फोटोप्रत, आणि फिल्म न घेता तसाच आलेला मोठा फॉर्म. दोन्ही ‘व्ही-मेल’ म्हणून एकत्र ठेवू नका. छोटी प्रत हा फोटो आहे, तिला बोटांचे ठसे आणि ओल लगेच बाधते, ती गुंडाळत जाते. जोर लावून सपाट करू नका, थर तडकतो. नायट्राइल हातमोजे घालून ती पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा.

व्ही-मेलमध्ये सोबत काही घालता येत नसे. फॉर्मसोबत फोटो किंवा कात्रण टाचलेलं दिसलं तर ते दुसऱ्या पत्राचं आहे किंवा कॉलेजातच जोडलेलं आहे. मजकूर लांबला की दुसरा वेगळा फॉर्म, त्यामुळे एकाच पत्राची पानं वेगवेगळ्या दिवशी पोहोचू शकत. ‘मिळाले’ शिक्के वेगळे असले तरी पत्र एकच असू शकतं.

कॉलेजची बाजू

कार्बन प्रतीच्या खाली डावीकडे बहुधा आद्याक्षरांच्या दोन जोड्या असतात: मोठी अक्षरं मजकूर सांगणाऱ्याची, छोटी टाइप करणाऱ्याची. सही डीनची असली तरी लिहिणारं कोण होतं हे कधीकधी यातून कळतं. वार्तापत्राच्या प्रत्येक अंकाची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवा, कारण ‘ऑक्टोबरचं पत्र मिळालं’ या वाक्याला तोच अंक जोडायचा आहे. पत्त्यांची कार्डं कधीच टाकू नका. खोडाखोडीने भरलेलं ते छोटं कार्ड दहा पत्रांपेक्षा जास्त सांगतं.

२२ जून १९४४ रोजी जीआय बिलावर, म्हणजे परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत देणाऱ्या कायद्यावर, सही झाली आणि त्यानंतरच्या पत्रांत परत येण्याची भाषा येते: फी कोण भरणार, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सैनिकी शिक्षणसंस्थेतून टपालाने केलेल्या अभ्यासक्रमाचं क्रेडिट मिळेल का. ही पत्रं रजिस्ट्रारच्या फायलीत गेलेली असतात, म्हणून ती फाइलही मागून घ्या.

न उघडता परत आलेली पाकिटं असतील, ‘बेपत्ता’ किंवा ‘मृत’ असा शेरा मारलेली, तर ती उघडू नका. आतला मजकूर कार्बन प्रतीत असतो. दोन्ही बाजू स्कॅन करा, प्रत्येक शिक्का आणि सही उतरवा, आणि त्या प्रतीचा क्रमांक नोंदीत द्या.

जतन आणि स्कॅन

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. साध्या कागदाला सुती मोजे नकोत, बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. गंजलेली क्लिप ओढू नका. तिच्या दोन्ही बाजूंना पॉलिस्टरची पातळ पट्टी सरकवा, मग क्लिप उचला. स्टेपलचे पाय मागून पातळ पात्याने सरळ करा. वर्तमानपत्राची कात्रणं आम्लामुळे शेजारचा कागद पिवळा करतात, त्यांना आम्लमुक्त कागदात वेगळं ठेवा. लॅमिनेशन कधीही नाही. खोली १८–२० अंश, आर्द्रता ३५–५० टक्के, आणि दोन्हींत चढउतार कमी. माळा आणि तळघर दोन्ही टाळा.

पत्रं ४०० डीपीआय, व्ही-मेलची छोटी प्रत ६००, सगळं रंगीत. कोरी मागची बाजूही स्कॅन करा, शिक्क्याची उमट तिथेच असते. मूळ फाइल टिफमध्ये, वापरायला जेपेग. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि कागदाचा क्रमांक.

नकलेत स्पेलिंग सुधारू नका, ओळी मोडल्या आहेत तिथेच मोडा.

इंटरनेटवर टाकण्याआधी हक्क बघा. कागद कॉलेजचा असला तरी शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. अमेरिकेत अप्रकाशित पत्रांना लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे युद्धातून परतून पुढे दीर्घकाळ जगलेल्याचं पत्र आजही मोकळं नसेल. वारसांना पत्र लिहा, सोबत स्कॅन पाठवा आणि त्यांची परवानगी लेखी घेऊन त्याच फोल्डरमध्ये लावा. वर्गमित्राची जखम, नापास झालेला विषय, कुणाचं मोडलेलं लग्न असा तिसऱ्याचा मजकूर असेल तर सार्वजनिक प्रतीत तो भाग झाका आणि झाकला आहे हे स्पष्ट लिहा.