केज, रोप आणि ब्रेक : शाफ्टवर या चुका टाळा

"रोप तुटला तर सेफ्टी हुक केज धरून ठेवतो." खाणीच्या शाफ्टमधून (उभ्या विहिरीतून) केज, म्हणजे माणसे आणि माल नेणारा पिंजरा, पोलादी रोपने वर-खाली करणाऱ्या वाइंडिंग इंजिनच्या ड्रायव्हरच्या तोंडी परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांकडून हे उत्तर इतक्या वेळा ऐकू येते की सुरुवात इथूनच करायला हवी. हे उत्तर चूक आहे. ज्याला ते बरोबर वाटते, तो रोपकडे पुरेसे लक्ष देत नाही, कारण त्याच्या मते खाली हुक आहेच.

सेफ्टी हुक, म्हणजेच डिटॅचिंग हुक, फक्त ओव्हरवाइंडसाठी असतो. केज वरच्या लँडिंगवर (चढ-उताराच्या जागी) न थांबता हेडगिअरकडे, म्हणजे शाफ्टवरच्या पुलीच्या मनोऱ्याकडे, जातच राहिला, तर हुक तिथल्या बेलमध्ये, म्हणजे घंटेसारख्या जाड कड्यामध्ये, शिरतो. बेलच्या तोंडाशी हुकच्या प्लेटांचे खालचे पंख आत दाबले जातात, वरची शिंगे बाहेर येऊन बेलच्या काठावर बसतात आणि रोपचे शॅकल मोकळे होते. रोप एकटाच पुलीवरून निघून जातो, केज बेलला लटकून राहतो. हुकचे काम एवढेच. रोप 200 मीटर खोलीवर तुटला तर त्या हुकला धरायला तिथे काहीही नसते. तिथे माणसांना वाचवतो तो रोपचा सुरक्षा गुणांक, म्हणजे माणसांच्या वाहतुकीसाठी दहापट ताकद, आणि रोज रोप तपासणाऱ्याचे डोळे. फ्रिक्शन वाइंडरवर, ज्याला कोपे म्हणतात आणि ज्यात रोप गुंडाळला न जाता चाकावरच्या घर्षणाने ओढला जातो, हा हुक लावतच नाहीत. तिथे एक बाजू सुटली तर दुसऱ्या बाजूचा केज खाली जाईल. म्हणून वर निमुळते गाइड आणि क्रॅश बीम असतात.

तांब्याच्या पिनेच्या जागी हाताला येईल ती पिन

ही चूक दिसली की राग येतो, कारण करणाऱ्याला आपण हुक आणखी मजबूत केला असे वाटत असते.

किंग पद्धतीच्या हुकमध्ये प्लेटा बंद धरून ठेवायला तांब्याची पिन असते. ती तुटावी म्हणूनच तिथे असते. बेलमध्ये शिरताना पंख दाबले गेले की पिन कातरली जाते आणि प्लेटा फिरतात. तिथे लोखंडी बोल्ट घातला तर प्लेटा फिरायला नकार देतात. रोप गुंडाळणारा ड्रम अजून ओढतो आहे, हुक बेलमध्ये अडकला आहे, सुटत मात्र नाही. आता सगळा जोर रोपवर, कॅपिंगवर (रोपच्या टोकाला ओतून बसवलेल्या धातूच्या सॉकेटवर) आणि हेडगिअरवर येतो आणि यातले सर्वांत कमजोर जे असेल ते आधी जाते.

पिन ओळखणे सोपे आहे. खिशात छोटे लोहचुंबक ठेवा. पिनेला चिकटले तर हुक तिथेच उतरवा. चिकटले नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, पितळेलाही चुंबक चिकटत नाही. पिनेच्या टोकावर बारीक कानस एकदाच फिरवा. आतून लालसर दिसले तर तांबे, पिवळे दिसले तर पितळ. सुट्या पिना हुक बनवणाऱ्याकडूनच मागवाव्यात, वाइंडिंग विभागाच्या कुलपात ठेवाव्यात आणि लेथवर "तशीच एक" काढून घेऊ नये. व्यास अर्धा मिलिमीटर वाढला तरी कातरण्याचा जोर बदलतो.

दुसरी गोष्ट प्लेटांमधल्या ग्रीसची. वरून जाड ग्रीस थापले की हुक छान देखभालीतला दिसतो. पण कोळशाच्या किंवा मँगनीजच्या धुळीत त्या ग्रीसची पुटे बनतात आणि प्लेटा एकमेकींना चिकटतात. हुक ठरलेल्या मुदतीला पूर्ण उघडा, प्लेटा रॉकेलने धुवा, पातळ तेल लावा, पंखांची रुंदी बेलच्या भोकाच्या गेजवर घालून बघा. जोडल्यावर पिन बसवण्याआधी प्लेटा हाताने फिरवा. हाताने फिरत नसतील तर तो हुक अजून जोडायला तयार नाही. आणि वर चढून बेलचे बोल्टही बघा. हुक कितीही चांगला असला तरी तो शेवटी बेलवरच लटकणार आहे.

केप्सवर केज टेकवून रोप सैल सोडणे

घाईच्या शिफ्टमध्ये हे हमखास घडते. केज केप्सवर, म्हणजे लँडिंगवर केजला खालून आधार देणाऱ्या सरकत्या टेकूंवर, टेकतो, ड्रायव्हर ड्रम थोडा जास्तच फिरवतो, रोपमध्ये ढील पडते. माणसे चढतात. बँक्समन, म्हणजे शाफ्टच्या तोंडावर केज सांभाळणारा कामगार, केप्स ओढतो आणि केज ढिलीइतका खाली पडून रोपला झटका देतो.

"फूटभर तर ढील होती" असे म्हणणाऱ्यासाठी हिशेब. केज रोपवर शांत लटकला असताना रोप समजा 75 मिलिमीटर ताणला जातो आणि ढील 300 मिलिमीटर आहे. झटक्याचा गुणक येतो : 1 अधिक (1 + 2 × 300 ÷ 75) चे वर्गमूळ. कंसात 9, त्याचे वर्गमूळ 3, गुणक 4. चौपट भार. दहा पटींच्या सुरक्षेतला मोठा हिस्सा एका झटक्यात वापरला गेला, तोही रोज सकाळी त्याच जागी, म्हणजे नेमका कॅपिंगजवळ. ढील शून्य असली आणि केज नुसता एकदम सोडला तरी गुणक 2 येतो. वर असताना रोप लहान असतो, म्हणून ताण कमी आणि झटका मोठा. खोलवर तीच ढील एवढी बोचत नाही.

उपाय एकच : केप्स ओढण्याआधी ड्रायव्हरने केज अलगद उचलायचा, केप्सवरचा भार गेला की मगच बँक्समनने लिव्हर ओढायचा. लिव्हर जोर लावून ओढावा लागला तर केज अजून केप्सवर आहे. तिथे पाय देऊन लिव्हर मारणारा बँक्समन मला चालत नाही, त्याला कितीही वर्षांचा अनुभव असो.

रोप कापला, पण बाकी काही हलवले नाही

दर सहा महिन्यांनी कॅपिंग नव्याने करायचे असते आणि त्या वेळी जुन्या कॅपिंगसकट किमान 2 मीटर रोप कापून तो उघडून आतून तपासायचा असतो. हे काम बहुतेक ठिकाणी नीट होते. चूक होते ती नंतर.

रोप 2 मीटर लहान झाला. ड्रमचा व्यास 3 मीटर असेल तर परीघ साधारण 9.4 मीटर, म्हणजे ड्रमची स्थिती आणि केजची जागा यांचे नाते सुमारे 76 अंशांनी सरकले. ड्रमवरून चालणारा डेप्थ इंडिकेटर (केजची खोली दाखवणारा) आणि ओव्हरस्पीड कंट्रोलर (वेग जास्त झाला की केज थांबवणारा) यांना हे माहीत नसते. त्यांच्या लेखी केज अजून 2 मीटर खाली आहे. ड्रायव्हर इंडिकेटर बघून थांबवतो तेव्हा केज लँडिंगच्या वर गेलेला असतो आणि हेडगिअरमधली मोकळी जागा तेवढीच कमी झालेली असते.

म्हणून कॅपिंगनंतर क्रम असा ठेवा : ड्रमवरची गुंडाळी किंवा क्लच जुळवून दोन्ही केज दोन्ही लँडिंगवर एकाच वेळी येतात का ते बघा. मग डेप्थ इंडिकेटरच्या खुणा, मग कंट्रोलरचे कॅम, शेवटी लिमिट स्विच (केज हद्दीपलीकडे गेला की इंजिन बंद करणारा). रिकामा केज हळू वेगाने पूर्ण फेरी मारून प्रत्येक खुणेवर थांबवा. यात दोन तास जातात. जाऊ द्या.

ड्रमवरच्या साठ्याचाही हिशेब आधीच करा. केज तळाला असताना ड्रमवर किमान 2 वेढे उरलेच पाहिजेत. माणसांच्या वाइंडिंगचा रोप साडेतीन वर्षांपलीकडे वापरत नाहीत. तेवढ्या काळात सहा वेळा कॅपिंग, म्हणजे किमान 12 मीटर रोप कापला जाणार. नवा रोप मागवतानाच 2 वेढे सोडून हे 12 मीटर जास्त धरा. नाहीतर तिसऱ्या वर्षी कोणीतरी "दीड वेढा आहे, चालेल" म्हणतो.

कॅपिंगबद्दल आणखी एकच : तारा पूर्ण उलगडून, त्यांच्यावरचा ग्रीसचा शेवटचा थर काढल्याशिवाय व्हाइट मेटल ओतू नका. तेलकट तारेला धातू धरत नाही आणि बाहेरून ते दिसतही नाही.

लिमिट स्विच आहे, मग काळजी कशाला

केज 6 मीटर प्रति सेकंद वेगाने वर येतो आहे आणि ब्रेक त्याला दर सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंदाने कमी करतो असे धरा. थांबायला 9 मीटर लागतील. ब्रेक प्रत्यक्ष लागायला अर्धा सेकंद गेला तर आणखी 3 मीटर. लँडिंगच्या थोडे वर बसवलेला लिमिट स्विच पूर्ण वेगाच्या केजसाठी उशिराच जागा होतो. केज 1.5 मीटर प्रति सेकंदाने आला तर हेच अंतर सव्वा-दीड मीटरवर येते. लँडिंगजवळ येताना वेग आधीच उतरलेला हवा, आणि ते काम लिमिट स्विचचे नाही. प्रत्येक खोलीवर किती वेग चालेल हे सतत बघणाऱ्या कंट्रोलरचे आहे.

त्याची चाचणी दर आठवड्याला केज वरच्या लँडिंगच्या वर नेऊन, आणि दर तीन महिन्यांनी केज जास्त वेगाने उतरवून करतात. चाचणीसाठी सेटिंग बदलता येते. आणि तिथेच ते तसेच राहून जाते! बदललेल्या प्रत्येक स्क्रूला लाल कापडाची चिंधी बांधा. चाचणीच्या आधी चिंध्या मोजून घ्या, नंतर तेवढ्याच हातात परत आल्याशिवाय वहीत सही करू नका.

ब्रेकची दांडी बाहेरून चांगली दिसते

आता सर्वांत जड चूक. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील मार्कहॅम कोळसा खाणीत 30 जुलै 1973 च्या सकाळी माणसांनी भरलेला दुमजली केज खाली उतरत होता. तळाजवळ येत असताना ड्रायव्हरने ब्रेक लावला, पण ब्रेक लागलाच नाही. ब्रेकच्या स्प्रिंगांच्या मधून जाणारी, सुमारे 2 इंच जाडीची पोलादी दांडी तुटली होती. ड्रायव्हरने आणीबाणीचे बटण दाबले. त्या रचनेत बटणाने मोटारची वीज गेली, आणि विजेने मिळणारा उरलासुरला रोधही गेला. केज शाफ्टच्या तळाला आदळला. 29 माणसांपैकी 18 मेली, बाकीचे 11 गंभीर जखमी झाले.

दांडी एका दिवसात तुटलेली नव्हती. तिच्या टोकाचा सांधा ब्रेक लागताना थोडा फिरायला हवा होता. तेलाअभावी तो आवळला गेला. मग प्रत्येक वेळी ब्रेक लावला की सांध्याऐवजी दांडी वाकायची, अगदी थोडी. त्या हजारो बारीक वाकण्यांतून तडा वाढत गेला. आणि या एका दांडीला पर्यायच नव्हता : ती गेली की सगळा ब्रेक गेला.

आजही नव्या फिटरला ब्रेक तपासायला सांगितला की तो लायनिंग बघतो, स्ट्रोक मोजतो, दांडी फडक्याने पुसतो आणि "ठीक" लिहितो. सांधा फिरतो का, हे बघत नाही. त्यासाठी पिन आणि तिच्या बाहेरच्या फोर्कवर पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढा. ब्रेक लावा, सोडा, पुन्हा लावा. पिनेवरची रेघ फोर्कवरच्या रेघेपासून सरकून परत आली पाहिजे. जागची हलली नाही तर सांधा अडकलेला आहे आणि दांडी वाकते आहे. ग्रीस निपलमध्ये गन लावल्यावर दुसऱ्या बाजूने जुना काळा ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. आतला मार्ग बंद असेल तर नवा ग्रीस निपलभोवतीच ओघळतो आणि वरून बघणाऱ्याला सांधा भरल्यासारखा वाटतो.

दांडी मात्र डोळ्यांनी पास करू नका. ती काढून, रंग खरवडून, चुंबकीय कण किंवा अल्ट्रासॉनिक चाचणी करून घ्या. आटे संपतात ती जागा आणि व्यास बदलतो तो खांदा इथे विशेष बघा, तडे तिथून सुरू होतात. आणि आपल्या वाइंडरच्या ब्रेकचा नकाशा काढून प्रत्येक भागावर बोट ठेवत विचारा : हा एकटा तुटला तर केज थांबेल का? ज्या भागाला उत्तर "नाही" येते, त्याची यादी लेखी द्या आणि दुहेरी मार्गाचा ब्रेक मागा. आणीबाणीचे बटण दाबल्यावर आपल्याकडे नेमके काय काय बंद होते, तेही याच वेळी वायरिंगवरून तपासून घ्या.

थोडक्यात, पण कमी महत्त्वाचे नाही

रोप तपासताना केज हळू चालवून रोपभोवती सुती चिंधी धरा. तुटलेली तार चिंधीत अडकते. व्यास सुमारे दर 30 मीटरवर, एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा. जाड ग्रीसखालचा गंज दिसत नाही, म्हणून मोजायच्या जागा आधी पुसा.

रोपचा टोकाचा भाग, केज लँडिंगवर उभा असताना पुलीवर येणारा भाग आणि ड्रमवर एक थर दुसऱ्यावर चढतो तो भाग, या तीन जागा नेहमीपेक्षा जास्त वेळ बघा.

माणसे चढणार असल्याची तीन ठोक्यांची खूण दिल्याशिवाय कोणालाही "चल, चढ" म्हणून केजमध्ये घेऊ नका. ड्रायव्हर माल समजून मालाच्या वेगाने नेईल.

हे सगळे जुन्या काळातले किंवा परदेशातले नाही. राजस्थानातील कोलिहान तांबे खाणीत 14 मे 2024 रोजी केज खाली कोसळून 15 जण अडकले. 14 वाचले, एकजण दगावला.

शेवटचे, इनसेटवरच्या, म्हणजे जमिनीखालचा बोगदा शाफ्टला मिळतो तिथल्या, स्टॉप ब्लॉकविषयी (गाड्यांना शाफ्टमध्ये जाण्यापासून अडवणाऱ्या अडसराविषयी). दक्षिण आफ्रिकेतील वाल रीफ्स सोन्याच्या खाणीत 10 मे 1995 रोजी एक लोकोमोटिव्ह शाफ्टमध्ये कोसळून केजवर पडले आणि शंभराहून अधिक कामगार गेले. तिथे रोपचा किंवा वाइंडिंग ड्रायव्हरचा दोष नव्हता. रूळ शाफ्टपर्यंत जातात तिथे स्टॉप ब्लॉक नेहमी बंद असावा, केज समोर उभा असतानाच तो उघडता यावा. स्टॉप ब्लॉक लाकडाची पाचर मारून उघडा ठेवलेला दिसला तर ती पाचर त्याच क्षणी काढा आणि वर घेऊन जा, म्हणजे पुढच्या शिफ्टला ती तिथे सापडणार नाही.