१९५५ चा एक दिवस रेडिओवर काढायचा असेल तर

माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून असेल तर तो भंगारात देऊ नका, पण थेट प्लगपण लावू नका. मी लावला होता, दोन मिनिटांत धूर, आणि आई अजून त्यावरून टोमणे मारते. आतले जुने कंडेन्सर सुकलेले असतात, म्हणून आधी मेकॅनिककडून ते बदलून घ्या आणि पहिल्यांदा सप्लाय देताना मध्ये सिरीज बल्ब (रेडिओकडे जाणाऱ्या एका वायरीतच जोडलेला जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब) टाका. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मागचा पुठ्ठा काढून आत हात घालायचा नाही, बंद केल्यावरही काही वेळ जोरदार करंट बसतो.

मग एरियल. गच्चीवर दोन बांबू, मध्ये तीस-चाळीस फूट तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गुट्टे, बास. त्या दिवशी घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर काढून ठेवा, मिडियम वेव्हवर त्यांचीच खरखर जास्त येते.

आता त्या वर्षाचे कार्यक्रम कुठून येणार, तर जुनी रेकॉर्डिंग्ज जमवून वेळेवर लावायची. इथेच लोक चुकतात, दिवसभर सिनेमाची गाणी लावून बसतात. अहो, विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला, आणि १९५२ पासून बा. वि. केसकर माहिती-नभोवाणी मंत्री असल्यामुळं आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळपास गायबच होती. पेटीला तर तिथं १९४० पासूनच बंदी होती, त्यामुळं शास्त्रीय गाण्याला साथ सारंगीची निवडा. (मला हे जाम खटकतं, पण नियम म्हणजे नियम.)

सकाळी सुरुवात वॉल्टर कॉफमननं बांधलेल्या आकाशवाणीच्या त्या ओळखीच्या धूननं करा, व्हॉल्व्ह तापायला अर्धा-एक मिनिट लागतं म्हणून बटण आधीच फिरवून ठेवायचं. शुक्रवार निवडला तर बेस्ट, १ एप्रिल १९५५ ला शुक्रवारीच पुणे केंद्रावरून गीत रामायण सुरू झालं, गदिमांचे शब्द, बाबूजींची (सुधीर फडक्यांची) चाल, पुढं वर्षभर मिळून छप्पन्न गाणी. आपण एकच ऐकायचं, पुढचं पुढच्या आठवड्यात. लगेच पुढचं लावायला हात शिवशिवतोच, तो आवरा.

सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, संपली की रेडिओ बंद. खरंच बंद. दुपारी परत, मग परत बंद, मग संध्याकाळी. दिवसभर चालू ठेवायचं हे आपल्याला नंतर लागलेलं व्यसन आहे. मधल्या वेळात कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, झोपा.

रात्री रेकॉर्डिंग बाजूला ठेवा आणि मिडियम वेव्हवर काटा हळूहळू फिरवा. दिवसा आकाशातला एक थर या लहरी गिळतो, रात्री तो विरतो आणि वरून परतून आलेल्या लहरींवर लांबची स्टेशनं येतात. त्या काळी सोलापूरकराला इथं काय मज्जा असेल बघा, धारवाडचं कन्नड (तिथं १९५० लाच केंद्र झालेलं), हैदराबादचं तेलुगू, आणि आपल्या गल्लीत तिन्ही भाषा समजणारी माणसं. आवाज मध्येच बुडतो, परत वर येतो, तो रेडिओचा दोष नाही, खोलायला घेऊ नका.

बुधवार असेल तर रात्री आठला शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन (आताच्या श्रीलंकेतलं स्टेशन), तिथं अमीन सयानींची गीतमाला, म्हणजे आकाशवाणीनं नाकारलेली सगळी गाणी. ही पण आता रेकॉर्डिंगवरच.

झोपताना प्लग काढून ठेवा, एरियलची तारपण. पावसाळ्यात तर नक्कीच.