सरकारी साहेबावर बदनामीचा दावा लावायच्या आधी काय काय गोळा करायचं (अमेरिकेत नोकरी केली असेल तर)

नोकरी गेली ती गेली, वर साहेबाने चारचौघांत खोटंनाटं सांगितलं की माणूस थेट वकिलाकडे धावतो, हे बघा सगळं खोटंय, माझ्याकडे पुरावा आहे. मी इथे एका वकिलांच्या ऑफिसमध्ये फाइली लावायचं काम करते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण सरकारी अधिकारी असला की कोर्ट आधी खरं-खोटं बघत नाही, आधी बघतं की तो हे ड्युटीचा भाग म्हणून बोलला का. मग तयारीही त्याच क्रमाने करा ना.

पहिल्यांदा नेमके शब्द कागदावर उतरवा, कधी, कुणासमोर, ईमेलमध्ये की मीटिंगमध्ये, आणि ऐकणाऱ्याचं नाव. तारीख सगळ्यात महत्त्वाची. एक बाई तीन जाड बाइंडर घेऊन आल्या होत्या, रंगीत टॅब लावलेले, प्रत्येक आरोपाला उत्तर तयार, आणि त्यांच्या राज्यात दावा लावायची मुदत १ वर्षाची, वर ९ दिवस झालेले. कॅलिफोर्नियातही १ वर्षच आहे, शिवाय सरकारी संस्थेकडे लेखी क्लेम, म्हणजे भरपाईची मागणी, साधारण ६ महिन्यांत द्यावा लागतो.

मग साहेब फेडरल (म्हणजे केंद्र सरकारचा), राज्याचा की काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी) ते बघा. फेडरल असेल तर मन घट्ट करा. बार विरुद्ध मॅटिओ हा १९५९ चा खटला, भाडेनियंत्रण खात्यातल्या दोघांनी साहेबाच्या प्रेसनोटवरून दावा लावला, ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, तरी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने साहेबाला वाचवलं, मनात आकस असला तरी संरक्षण राहतं म्हणून. १९८८ च्या वेस्टफॉल कायद्यानंतर तर सरकारने सर्टिफिकेट दिलं की हा कामाच्या कक्षेत होता, की साहेबाच्या जागी सरकार प्रतिवादी, आणि सरकारवर बदनामीचा दावा टॉर्ट क्लेम्स कायद्यात (फेडरल सरकारकडून नुकसानभरपाई मागायचा कायदा) चालतच नाही, केस तिथेच संपते. सर्टिफिकेटला आव्हान देता येतं, हे १९९५ मध्ये ठरलंय, म्हणून तुमचा सगळा जोर तिथे लावा: तो स्वतःच्या फेसबुकवर लिहीत होता का, शेजाऱ्याला सांगत होता का, त्या बोलण्याशी त्याच्या कामाचा काही संबंध होता का.

राज्यांचे नियम वेगवेगळे. जॉर्जियात काउंटीच्या अधिकाऱ्याची खरी द्वेषबुद्धी सिद्ध झाली तर संरक्षण तुटू शकतं, म्हणून तिथे जुने वादाचे ईमेल, धमकीवजा मेसेज जपून ठेवा.

आता राजीनामा, इथे मी हात जोडून सांगते. 'काढण्यापेक्षा स्वतःहून जा' म्हणाले की लगेच सही करू नका. सीगर्ट विरुद्ध गिली या खटल्यात सरकारी हॉस्पिटलमधल्या मानसतज्ज्ञाने कारवाई टाळायला राजीनामा दिला, नंतर लष्करी हॉस्पिटलने माहिती मागवली तेव्हा जुन्या साहेबाने फार वाईट पत्र पाठवलं, आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं घटनेतला कुठलाही हक्क मोडला नाही. नुसतं नाव खराब होणं पुरत नाही, हे १९७६ पासून चालत आलंय, त्याला नोकरी जाण्याची जोड लागते, आणि स्वतःहून राजीनामा दिला की ती जोड दाखवणं अवघड जातं. काढून टाकताना जाहीरपणे कलंक लावला असेल तर नाव साफ करण्यासाठी सुनावणी हवी असं लेखी मागा, त्या पत्राची पोच ठेवा. पैसे मिळतीलच असं नाही, पण तुमची बाजू रेकॉर्डवर येते.

फेडरलवाल्यांनी अजून एक, भेदभावाचा संशय असेल तर ईईओ काउन्सेलरला (खात्यातला समान संधीच्या तक्रारी ऐकणारा माणूस) ४५ दिवसांत गाठा, बडतर्फीवर अपील करायचा हक्क असेल तर एमएसपीबीकडे (फेडरल नोकरांची अपिलं ऐकणारं मंडळ) जायला साधारण ३० दिवस असतात, बदनामीच्या दाव्यापेक्षा हे रस्ते बऱ्याचदा जास्त उपयोगाचे निघतात. आणि निघताना ऑफिसचे ईमेल स्वतःच्या अकाउंटला फॉरवर्ड करू नका, तेच तुमच्यावर उलटतं. आपली फाइल हवी असेल तर १९७४ च्या प्रायव्हसी कायद्याखाली लेखी मागा, अर्जाची कॉपी घरी ठेवा.